उसातलं भूत आणि कारखान्याची तोड

आमचा भुताचा विनोदी सिनेमा आता लोकांना तोंडपाठ आहे. लग्नकार्यात गाठ पडली की कुणीतरी विचारतंच, शूटिंगच्या वेळी खरं भूत दिसलं होतं का? नाही दिसलं. पलूसकडची माणसं दिसली, तेवढी पुरे झाली. मी सहायक दिग्दर्शक, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायला नेमलेला माणूस. त्यामुळे किस्सेही माझ्याकडेच साठले.

आधी दिग्दर्शकाचं सांगतो. सुहासनं साताऱ्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली, तेव्हा वडिलांनी बजावलं होतं, "एक शिनेमा कर. अर्धा ऱ्हायला तर गुमान कामावर जायाचं."

सिनेमातलं भूत उसात राहणारं. शेतमालकानं उभा ऊस वापरायला दिला, पण अट घातली. कारखान्याची तोड आली की ऊस जाणार, मग सिनेमा असो नाहीतर सत्यनारायण. म्हणजे तोड यायच्या आत सगळं उरकायचं.

*

भूत होते सुभेदार तात्या. फौजेतून रिटायर, मिशा अशा की मेकअपमन नुसता बघत राहायचा. पहिल्या दिवशी त्यांचा पांढरा सदरा फाडला, काजळी फासली, झकास शॉट घेतले. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच तात्या हजर. सदरा धुतलेला, शिवलेला आणि वर कडक इस्त्री!

सुहासनं कपाळावर हात मारला. तात्या म्हणाले, "मेलो म्हणून काय झालं? कपड्याचा टर्नआऊट न्हाई सोडायचा."

*

भिंतीवर भुताचा हार घातलेला फोटो हवा होता. पण तात्यांच्या बायको, आक्का, जित्या नवऱ्याच्या फोटोला हार घालू देईनात. आम्ही घालायचो, त्या काढायच्या. शेवटी सुहासनं समजावलं, आवं आक्का, हे सगळं खोटं खोटं असतं.

"खोटं हाय न्हवं? मग तुमचाच लावा की."

सिनेमात नीट बघा. हार घातलेला फोटो दिग्दर्शकाचा आहे. त्याची आई तेवढ्या सीनला अजून उठून आत जाते.

*

भूत दिसलं की गावकऱ्यांनी पळायचं, एवढाच सीन. पण तात्या उसातून बाहेर आले की माणसं थांबून राम राम घालायची, आणि भूतही उलटा राम राम घालायचं. सुभेदाराला पाठ दाखवून पळायचं कसं, असं सगळ्यांचं म्हणणं. सात टेक गेले. मग तात्याच वैतागले आणि ओरडले, "पीछे मुड! दौड के चल!"

निम्मं गाव फौजेत जाऊन आलेलं. पाय मिळवून, रांगेत पळालं. तोच टेक ठेवला.

*

एकच शॉट राहिला होता. भूत उसातून उसळतं आणि समोरच्याची बोबडी वळते. त्याच सकाळी आटपाडीकडची टोळी कोयते घेऊन फडात उतरली. मुकादम थांबायला तयार नाही. दुपारपर्यंत रान मोकळं होणार आणि पुढचा ऊस वर्षानं. सुहास बांधावर बसून रडला.

तात्यांनी कुणाला विचारलं नाही. कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं आणि मेकअपसकट उरलेल्या उसात शिरले. तोडत येणाऱ्यांत सगळ्यांत पुढं होत्या कोंडाबाई, टोळीतल्या थोरल्या. त्या जवळ येताच तात्यांनी किंकाळी ठोकून त्यांच्यापुढं उडी टाकली. काळं तोंड, लाल डोळे.

कोंडाबाईंचा कोयता थांबला नाही. "बाजूला सरा, पाय तुटंल," एवढंच म्हणाल्या आणि पुढचा ऊस धरला. भूत निमूट बाजूला झालं.

सिनेमा तिथंच संपतो. थिएटरात लोक खुर्च्या बडवायचे. सुहास परत नोकरीवर गेला नाही.

परवा आम्ही दोघं मुद्दाम आटपाडीला जाऊन आलो. कोंडाबाईंना मोबाईलवर तो सीन दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मी विचारलं, भुताला भ्याला कशा नाही तुम्ही?

"ते भूत हुतं व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रानाचा मालक वरडतोय."