कव्हरवरचं अस्वल

रविवारी सकाळी दौलतरावांच्या दुकानात गेलं, की ते हमखास कुणाचं तरी बोट कापत बसलेले असत. बोट अर्थात कागदावरचं. नागपूरहून कार्टूनच्या व्हिडिओ कॅसेटी येत. त्यांच्या कव्हरांवर कुणा पेंटरने चित्रं काढलेली असत आणि त्या पेंटरने झाडून सगळ्या प्राण्यांना पाच-पाच बोटं दिलेली असत. दौलतराव कॅसेट व्हीसीआरमध्ये घालत, अस्वल हात वर करी तिथे ती थांबवत, पडद्यावरच्या थरथरत्या चित्रात नाक खुपसून बोटं मोजत आणि मग ब्लेडच्या टोकाने कव्हरवरचं जास्तीचं बोट अलगद खरवडून काढत. पांढऱ्या पडलेल्या जागेवर बारीक ब्रशने मागचं निळं आभाळ रंगवून झालं, की त्यांचा चेहरा मोकळा होई.

“आता डब्बा उघडा,” ते म्हणत, “बाहेर जो आहे तोच अंदर निघन.”

पवनीच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी वर्ध्याहून मुलींच्या शाळेत शिकवायला आले ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, आणि स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांची भाडेकरू झाले. शाळेच्या कागदपत्रांसाठी फोटो हवा होता, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. फोटो हाती आला तेव्हा मी चार इयत्ता धाकटी आणि पुष्कळच गोरी झाले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बहिणीचा कशाला आणलात? तुमचा द्या.”

मी तक्रार घेऊन गेले. दौलतराव जराही ओशाळले नाहीत.

“बाई, जशा आहा तशा पाहाच्या असन, तर घरी आरसा आहे ना. फोटो म्हंजे साक्ष नोहे. फोटो म्हंजे कौतुक होय.”

ह्या कौतुकावर आख्ख्या तालुक्यातली लग्नं जमत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवली, की कागदावर तेवढी जागा उजळते. दौलतराव खिडकीपाशी निगेटिव्ह धरून बसत आणि पेन्सिलीच्या टिंबांनी देवीचे व्रण भरून काढत, डोळ्यांखालची काळजी पुसत, रंग तर सरसकट दोन पायऱ्यांनी उजळत. उपवर मुलींचे बाप लांबून येत, आणि मुलगी कॅमेऱ्यासमोर बसायच्या आत त्यांच्या कानाशी लागून सांगत, “जरा पाहून घ्या जी.” पाहून घ्या म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक असे. मुलीला कुणी काही विचारत नसे. तिचं काम एवढंच, की हलायचं नाही.

पुढे रंगीत फोटो आले. फिल्म धुवायला नागपूरला जाऊ लागली, तिथून परत येई ती यंत्राने केली तशी येई. दौलतरावांची पेन्सिल निम्मी बेकार झाली. म्हणून त्यांनी स्टुडिओच्या पुढच्या भागात फळ्या ठोकल्या आणि व्हिडिओ लायब्ररी काढली. हिंदी सिनेमाच्या कव्हरांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. कव्हरवर मारामारी आणि आत नुसतं रडणं असलं तरी त्यांना चाले. पण जुन्या विलायती कार्टूनांच्या कॅसेटी आल्या आणि हा माणूस बदलला. ती नावं आमच्यापैकी कुणाला धड म्हणता येत नव्हती. अस्वल, बदक, ससा असंच आम्ही म्हणायचो. दौलतरावांनी ती अस्वलं आणि बदकं इतक्या वेळा थांबवून पाहिली, की कुठल्या बदकाची चोच रागावल्यावर कुठे मुडपते, हे त्यांना पाठ झालं. कव्हरवर ती चोच वेगळी दिसली, की कॅसेट फळीवर चढत नसे. बदकाला दात काढलेले असले, तर दिवसभर ते कुणाशी बोलत नसत.

एकदा गोसीखुर्दच्या धरणाच्या कामावर आलेले एक इंजिनिअर आपल्या दोन मुलांना घेऊन आले. मुलांना सशाची कॅसेट हवी होती.

“आज नाही भेटत,” दौलतराव म्हणाले. “सशाचं काम चालू आहे.”

“काम म्हणजे? कॅसेट खराब आहे का?”

“कॅसेट ठीक आहे. कव्हरवरचा ससा खोटा आहे. त्याचा एक कान पडेल असते. ह्यानं दोन्ही उभे करून ठेवले.”

इंजिनिअर हसले. “अहो, मुलं कव्हर थोडंच बघणार आहेत? आतला ससा बरोबर आहे ना?”

“म्हनूनच तर. अंदरच्याची बदनामी काहून करू?”

इंजिनिअर मुलांना घेऊन निघून गेले. त्यांचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आतून दौलतरावांच्या पत्नी, शांताकाकू, बाहेर आल्या आणि रिकाम्या दारातून रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, “झालं? सशापायी गिऱ्हाईक धाडलं वापस. बाई, तुम्हीच सांगा ह्यायले काही.”

मी सांगितलं नाही, पण विचारलं. आयुष्यभर माणसांचे चेहरे बदलणाऱ्या तुम्हाला एका कानाचं इतकं का लागतं?

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. “बाई, माणसाचा फोटो खोटा असला, तर माणूस स्वतः येऊन उभं राहू शकते. ‘हा पाहा मी असा आहो,’ म्हनू शकते. त्या सशाजवळ काय आहे? चित्र हेच त्याचं आंग. तेच खोटं केलं, तर बिचाऱ्यानं कोनाले सांगावं?”

उत्तर बिनतोड होतं. त्यातला एकच दोष मला दिसत होता. ज्या मुलींचे फोटो त्यांनी उजळले होते, त्यांनाही पुढे उभं राहून काही सांगायची सोय कुणी ठेवली नव्हती. पण घरमालकाशी वाद किती घालायचा, ह्यालाही मर्यादा असते.

त्यांची एकुलती मुलगी कुंदा माझी विद्यार्थिनी. सावळी, रुंद कपाळाची, हनुवटीवर लहानपणी भाजल्याचा डाग. बोलायला फटकळ. मॅट्रिकनंतर ती लायब्ररीत बसे, आणि व्हीसीआर अडला, तर कॅसेटची गुंतलेली पट्टी बाहेर काढून नीट करून देई. आंधळगावच्या एका विणकर-व्यापारी घराकडून तिला मागणी आली. त्यांनी फोटो मागवला. दौलतरावांनी त्यासाठी मुद्दाम काळी-पांढरी फिल्म काढली, कुंदाला स्टुलावर बसवलं आणि नंतर दोन दिवस खिडकीपाशी बसून राहिले.

तो फोटो मी पाहिला. त्यांच्या हातचं सगळ्यांत सुंदर काम होतं ते. डाग गेला होता, कपाळ आटोपशीर झालं होतं आणि गालांवर कधी नव्हतं असं चांदणं आलं होतं. कुंदा तो बराच वेळ पाहत राहिली.

“बाबा, अस्वलाले एक कायदा अन् मले दुसरा?”

“अस्वलाचं लगन कराचं नाही मले,” दौलतराव म्हणाले आणि त्यांनी फोटो पाकिटात घातला.

फोटो पसंत पडला. मुलाकडची मंडळी बघायला आली तेव्हा शांताकाकूंनी मलाही बसवून घेतलं. शिकवणारी बाई शेजारी असली, की मुलीचं वजन वाढतं अशी त्यांची समजूत. मुलगा शांत होता आणि वडील गप्पिष्ट. मुलाची आई मात्र आल्यापासून डोक्यावरचा पदर सावरत भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर देवीचे खोल व्रण होते.

कुंदा चहा घेऊन आली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून फोटो काढला आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“फोटोत जरा...” ते म्हणाले, “म्हंजे फोटोत रंग जरा येगळा वाटते जी.”

दौलतराव काहीतरी बोलायला गेले, पण त्याआधी मुलाची आईच बोलली.

“काकाजी, मले वळखलं का?”

दौलतरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “नाही बाई.”

“कसे वळखान? मी कोंढ्याची. लगनाच्या आधी माझ्या बाबानं मले इथंच आनलं होतं. ह्याच स्टुलावर बसलो होतो मी. तुम्ही माझं सारं तोंड साफ करून टाकलं.” ती हसली नाही, रागावलीही नाही. मान न वळवता तिने नवऱ्याकडे बोट केलं. “हे अजून म्हनतात, फोटोतली बाई कवा येनार हाये? पोरगा लगनाले आला, तरी म्हनूनच राहिले.”

नवऱ्याने फोटो घाईघाईने पालथा केला. “मस्करीत म्हनतो जी...”

“हव. तुमची मस्करी होते.”

दौलतराव तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण लग्नासाठी उजळून दिलेला चेहरा असा परत समोर येऊन बसलेला त्यांनी पाहिल्याचं मला आठवत नाही. कोंढ्याची ती मुलगी वीस-पंचवीस वर्षं उशिरा त्यांना सांगायला आली होती, की ही पाहा मी अशी आहे.

ते उठले आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. मला वाटलं, आता बाहेर येत नाहीत. आले ते हातात दुसरा फोटो घेऊन. पेन्सिल लावण्याआधी त्यांनी एक प्रत काढून पाहिली होती, ती. रुंद कपाळ, हनुवटीवरचा डाग, आणि फोटो काढताना बापावर चिडलेली कुंदा. त्यांनी तो मुलाच्या आईच्या हातात दिला.

“हा खरा होय,” ते म्हणाले. एवढंसं वाक्य, पण ते त्यांना जड गेलं.

तिने फोटो उजेडाकडे धरला. मग कुंदाला जवळ बसवून म्हणाली, “मले हे पोरगी पसंत आहे. घरी नेल्यावर हे कोन म्हनून कोनी विचारनार नाही.” आणि पोराकडे वळून, “तुले काय वाटते? फोटोले इचारू नको, तिलेच इचार.”

मुलाने कुंदाला विचारलं, की चहात साखर कुणी घातली. कुंदा म्हणाली, “मीच. जास्त झाली का?” तो म्हणाला, “झाली.” “मंग राहू द्या,” ती म्हणाली. एवढ्यावर लग्न ठरलं.

त्यानंतर दौलतरावांनी पेन्सिल मोडून टाकली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पुढच्याच आठवड्यात कुणा मुलीचा बाप आला, कानाशी लागला आणि पेन्सिल खिडकीपाशी गेली. फरक एवढाच पडला, की आता ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरण्याआधी मुलीलाच विचारत, “बाई, तुले कसा पाहिजे?” आणि मुली, एकजात सगळ्या, खाली मान घालून सांगत, “गोरा.”

“आता बोला,” ते मला म्हणत. “मी काय करू?”

माझी भंडाऱ्याला बदली झाल्यावर दोन-तीन वर्षांतच ते गेल्याचं कळलं. कुंदाच्या लग्नात ते सासरच्या मंडळींचे फोटो काढत कसे धावत होते, हे मला आठवतं. पण त्यांची आठवण म्हटली, की एक दुपार डोळ्यांसमोर येते.

गोसीखुर्दकडच्या एका खेड्यातली मुलगी स्टुलावर बसली होती. बाप दाराशी उभा होता. दौलतरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“तिले काय इचारता जी?” बाप म्हणाला. “मी सांगतो ना.”

“फोटो तिचा आहे,” दौलतराव म्हणाले आणि थांबून राहिले.

मुलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. तिला विचार करायची सवय नव्हती असं नाही. उत्तर मागितलं जाण्याची नव्हती.

“गोराच करा,” ती शेवटी म्हणाली. “पन माझ्या मायले मी वळखू आली पाहिजे.”

दौलतराव कापड उचलता उचलता थांबले. तिच्याकडे पाहून एकदा हसले. मग फोटो काढून, फिल्म धुऊन, संध्याकाळचा उजेड संपेपर्यंत ती निगेटिव्ह हातात धरून खिडकीपाशी बसले. एक टिंब घालत, लांब धरून पाहत, आणि पुसून टाकत.