पिल्लांची काच

लख्ख मावशीच्या घरी कुणी आलं की बसायच्या आधी खुर्ची पुसली जायची आणि उठल्यावर पुन्हा पुसली जायची. माणूस बसलेला असताना तेवढी ती पुसत नाही, हे तिचे उपकारच, असं शेजारीण म्हणायची. मावशीला त्यात टोमणा वगैरे काही दिसत नसे. भांडं घासून झालं की उजेडात धरून ती "लख्ख!" म्हणायची, त्यावरून तिला हे नाव पडलं आणि पुढे तिच्या पगाराच्या पाकिटावरसुद्धा तेच यायला लागलं.

तिचं काम काच धुण्याचं. समुद्राकाठी एक प्रयोगशाळा होती, तिथे समुद्रातल्या बिनकण्याच्या जिवांची अंडी कशी वाढतात, त्यांतून पिल्लं कशी होतात, हे बघत बसायचे. नुसतं बघत बसायचे, त्याचे पैसे मिळायचे, आणि त्यासाठी ढीगभर काच लागायची. त्यातली काही भांडी बुडाशी निळा ठिपका लावून वेगळी ठेवलेली असत. ती पिल्लांची काच. तिला जन्मात साबण लागता कामा नये. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा साबण राहिला तरी अंडं दुभंगतच नाही, आहे तसं मरून जातं. मावशीनं हे ऐकलं त्या दिवसापासून कामावर येताना हातांना साबण लावणं सोडलं. जाड मिठानं आणि गरम पाण्यानं हात घासायची. तिच्या हाताखालून गेलेल्या काचेत एकही अंडं वाया गेलं नाही, हे पिल्लांची डॉक्टरबाई सगळ्यांना सांगायची. ते ऐकलं की मावशी उगाच नळ बंद करायला पाठ फिरवायची.

अशा या घरात थंडीच्या दिवसांत ठमी आली. मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची. वडील ती पाळण्यात असतानाच गेले होते, आता आईही गेली. "माय मरो पण मावशी उरो" असं कुणीतरी त्या दिवशी बोलून गेलं. मावशीनं त्या बाईकडे असं पाहिलं, की ती बाई पुढे कितीतरी दिवस रस्त्यात दिसली तरी पलीकडच्या बाजूनं जायची. मेलीला जीभ आहे की वहाण!

ठमीला एक काका होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, घरात तीन पोरं, सदा धुडगूस. माणूस भला होता. तो म्हणाला, "शाळेचं वर्ष संपेपर्यंत तुमच्याकडे राहू दे. मग मी येईन आणि तिलाच विचारीन. ती म्हणेल तसं." मावशी "बरं" म्हणाली. नाही म्हणून सांगते कुणाला? पण तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. लग्न केलं नव्हतं, मूल नव्हतं, आणि उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता एक हवं होतं. ही पोर राहायला हवी होती.

आणि पोर किती शहाणी! दूध दिलं की पिते, नको असेल तर "नको, थँक्यू" म्हणते. "खायला काय करू?" विचारलं की "काहीही चालेल." आवाज नाही, हट्ट नाही. शेजारीण म्हणायची, "नशीबवान आहेस गं, असली मुलं हल्ली मिळत नाहीत." मावशी फुलून यायची. मला विचाराल तर इतक्या शहाण्या मुलांची भीतीच वाटते. पण मला कोण विचारतंय?

शाळा सुटली की ठमी प्रयोगशाळेत यायची. पिल्लांच्या खोलीत तिला कोपऱ्यात एक स्टूल दिलेलं होतं. त्या खोलीत दुपार बाहेरच्यासारखी नसायची. पडदे ओढलेले, वरून उतरणारा निळसर उजेड, पाण्याची हलती जाळी छतावर, आणि रांगेनं मोठमोठ्या बरण्या. प्रत्येक बरणीत एक छोटं वल्हं, एका मोटरला बांधलेलं, हळूहळू इकडून तिकडे जायचं, पुन्हा इकडे यायचं. घाई नाही, थांबणंही नाही. पिल्लांना तळाशी बसू द्यायचं नाही म्हणून ते वल्हं. त्या आवाजानं मावशीला झापड यायची. टेबलावर डोकं टेकून ती अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघायची, तर ठमी, स्टूल, बरण्या, सगळंच पाण्यात सावकाश डोलतंय असं वाटायचं. आपणही कुठेतरी तरंगतोय, खाली जमीन आहे की नाही माहीत नाही, आणि त्याची काळजीही वाटत नाही, असं.

डॉक्टरबाई दोघींना सूक्ष्मदर्शकातून दाखवायची. एका अंड्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. मग पोकळ चेंडू. मग त्या चेंडूला कुणीतरी बोटानं दाबल्यासारखा एक खळगा पडतो, आणि तो खळगा आत आत जात राहतो.

"ते त्याचं पोट होणार," डॉक्टरबाई म्हणाली.

काही दिवसांनी त्या चेंडूला काचेचे हात फुटले. उलट्या ठेवलेल्या तिवईसारखं काहीतरी पारदर्शक, हळूच फिरणारं. आणि हे कुणाचं पिल्लू, तर खडकाच्या फटीत बसणाऱ्या, लिंबाएवढ्या, साळिंदरासारख्या काटेरी गोळ्याचं! प्रयोगशाळेत त्या गोळ्यांना नुसतं 'काटेरी' म्हणत.

"आईसारखं कुठेच दिसत नाही," ठमी म्हणाली.

"मोठेपणीच्या चेहऱ्यावर जाऊ नये," डॉक्टरबाई म्हणाली. "समुद्रातली गोगलगाय बघ आणि वाळूतला किडा बघ, काही संबंध आहे? पण पहिल्या दिवसांत दोघांची पिल्लं सारखीच, कमरेला केसांचा पट्टा बांधलेले भोवरे. फार फार जुनं नातं आहे, पुढे जो तो आपापल्या वाटेनं गेला. आणि खडकावर ते पांढरे, टोकदार बार्नकल असतात ना, पायाला टोचतात ते? लोक त्यांना शिंपल्यांचे भाऊबंद समजत होते. मग कुणीतरी त्यांची पिल्लं बघितली. एक डोळा, सहा पाय, सुळसुळ पोहणारी. निघाले कोळंबी-खेकड्यांच्या घरातले!"

"चोरी पकडली," ठमी म्हणाली, आणि जरा हसली. मावशीनं ते हसू पुढचे दोन दिवस पुरवून पुरवून वापरलं.

काचेच्या तिवया वाढल्या. प्रत्येकीच्या डाव्या कुशीत एक गाठ दिसायला लागली. ती गाठ म्हणजे पुढचा काटेरी. गाठ पुरती वाढली की पिल्लू तळाशी उतरतं, जमीन चाचपतं, आणि जागा पटली की तासाभरात आतलं बाहेर होऊन काटेरी बनून चालायला लागतं. त्यासाठी वेगळ्या टाक्यांमध्ये पारदर्शक तावदानं उभी केलेली होती. पिल्लं त्या टाक्यांत सोडली. ती खाली गेली, तावदानांना टेकली, आणि पुन्हा वर आली. दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानंही तेच. मोठी झालेली, गाठीचं ओझं घेतलेली पिल्लं नुसती तरंगत राहिली. डॉक्टरबाईचं तोंड उतरलं. तिचं सगळं वर्षाचं काम त्यावर होतं.

"पाण्यात खोट असेल," मावशी म्हणाली. "तावदानं तर मी स्वतः बघते. लख्ख!"

डॉक्टरबाईनं मान वर केली. एक तावदान पाण्यातून काढून तिनं उजेडात धरलं. आरपार दिसत होतं. "मावशी, ही तुम्ही धुता?"

"मग! एक दिवसाआड. नाहीतर काय बुळबुळीत घाण धरते त्यांच्यावर, तपकिरी. शी!"

डॉक्टरबाई स्टुलावर बसली. हसावं की रडावं तिला कळेना. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "ती बुळबुळच तर हवी होती हो. म्हणून तर ती तावदानं समुद्राच्या पाण्यात ठेवली होती. पिल्लू पायांनी चाचपून बघतं, इथे आधी कुणी राहिलंय का, काही उगवलंय का. स्वच्छ काचेवर त्याला भरवसा वाटत नाही. इथे काही माझं नाही, असं म्हणून ते वर जातं आणि वाट बघत राहतं." मग म्हणाली, "चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं."

पण मावशीला ते ऐकूच आलं नाही. अति तिथं माती, दुसरं काय! ज्या एका गोष्टीसाठी लोकांनी तिला चांगलं म्हटलं, त्याच गोष्टीनं घात केला होता. तिनं एप्रन खुंटीला लावला आणि ती भर दुपारी घरी निघाली.

दार लोटलेलं होतं. ठमीची शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती. मावशी उंबऱ्यातच थांबली, कारण आत ठमी काहीतरी करत होती. तिनं पाणी पिऊन पेला धुतला, पुसला, जागेवर ठेवला. टेबलावर पेल्याचा ओला गोल उमटला होता, तो फ्रॉकच्या टोकानं टिपला. नळावरचे बोटांचे ठसे पुसले. मग फडकं पायाखाली घेऊन मागे मागे सरकत फरशीवरची आपलीच ओली पावलं पुसत आली. सगळं झाल्यावर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, उशीला खड्डा पडू नये म्हणून. आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिली.

मावशीनं घरभर नजर फिरवली. एवढे महिने ही पोर या घरात राहिली आणि घरात तिचा मागमूस नव्हता. आपणच ठेवला नव्हता.

आता शहाणपण सुचलं खरं, पण ते करायचं कसं? दुसऱ्या दिवशी मावशीनं मोठ्या धिटाईनं सांगितलं, "ठमे, थोडी घाण करत जा गं." पोर पांढरीफटक पडली. तिला वाटलं, ही परीक्षा आहे. तिनं लगेच जाऊन हात धुतले. मावशीनं कपाळावर हात मारला.

मग ती बोलायचं सोडून नुसती गप्प राहायला शिकली. जित्याची खोड ती, सहजासहजी जाते होय? टेबलावर शिसपेन्सिलीचा कचरा दिसला की तिचे हात शिवशिवायचे, ती ते एप्रनच्या खिशात कोंबायची. प्रयोगशाळेतही त्या टाक्यांसमोरून ती तशीच, खिशात हात घालून, तोंड फिरवून जायची. तावदानांवर तपकिरी साय धरली. घरात आरशावर बोटं दिसायला लागली. एक दिवस ठमीनं काठावरून शेवाळलेले चार दगड आणि समुद्राचं पाणी भरून एक बरणी आणली आणि विचारलं, "खिडकीत ठेवली तर चालेल?" बरणीला कुबट वास येत होता. मावशी नाक न मुरडता म्हणाली, "ठेव की."

आणि एका संध्याकाळी डॉक्टरबाईनं दोघींना हाक मारली. एक पिल्लू तावदानावर उतरलं होतं. इवलेसे पाय काढून त्यानं ती साय चाचपली, थांबलं, पुन्हा चाचपली. मग काचेचे हात हळूहळू दुमडले, विरघळल्यासारखे आत ओढले गेले, आणि जिथे तिवई होती तिथे काटे असलेला एक ठिपका उरला. ठिपका चालायला लागला. खोलीत वल्ह्यांशिवाय कसलाच आवाज नव्हता. मावशीला वाटलं, आपण कुणाच्या तरी झोपेत उभ्या आहोत आणि जोरात श्वास घेतला तर ते माणूस जागं होईल. मग शेजारी दुसरं उतरलं, तिसरं उतरलं. डॉक्टरबाईनं मावशीचा हात घट्ट धरला होता.

पण ठमी? ठमी अजूनही "चालेल" म्हणायची. "थँक्यू" म्हणायची. शाळेचं वर्ष संपलं. काकाचा निरोप आला, रविवारी येतोय.

रविवारी मावशी पहाटेच उठली आणि तिचा तोल सुटला. भीती वाटली की तिचे हात एकच गोष्ट जाणायचे. ठमी काठावर खेळायला गेली होती. मावशीनं फरशी घासली, आरसा घासला, खिडक्या घासल्या. काका आला, चहा घेऊन बसला, तेव्हा घर नुसतं झगमगत होतं. आणि तेवढ्यात ठमी आली, दारातूनच "काका!" म्हणाली, आणि खिडकीकडे बघून जागच्या जागी थिजली. खिडकीत रिकामी बरणी उपडी वाळत होती. चकचकीत.

"माझे दगड कुठेत?"

मावशीनं रिकाम्या बरणीकडे पाहिलं. तिला आठवतही नव्हतं, बरणी कधी हातात आली ते. "अगं... टाकले वाटतं. चुकून..."

"टाकले?" ठमीचा आवाज चढला. इतका मोठा आवाज तिच्याकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. "त्यात कितीतरी जण राहत होते! माझी खिडकी होती ती! विचारलं का मला? सारखी पुसते, सारखी धुते! वाईट आहेस तू! मी तुझ्याशी बोलणार नाही, कधीच नाही!" एक चप्पल इकडे गेली, एक तिकडे. वाळूचे पाय फरशीवर आपटत ती आत गेली आणि तिनं दार असं आपटलं की कपबशी वाजली.

मावशी खाली बसली. संपलं सगळं. ऐन वेळी, काकासमोर, आपल्याच हातानं. "घेऊन जा तिला," ती कशीबशी म्हणाली. "विचारा आणि घेऊन जा."

काकानं चहा संपवला. मग बंद दाराकडे पाहिलं. "माझ्याकडे यायची ना सुट्टीत," तो म्हणाला, "तर जाताना अंथरुणाची घडी घालून ठेवायची. माझी पोरं दिवसाला दहा दारं आपटतात. हिनं माझ्या घरी एकदासुद्धा नाही आपटलं." तो उठला, त्यानं टोपी घातली.

"अहो, पण तिला विचारणार होतात ना?"

"आता काय विचारू?"

आतलं दार खाडकन उघडलं. लाल नाक, विस्कटलेले केस, आणि डोळ्यांत अजून तोच जाळ.

"आणि मला भूक लागलीय!" ठमी ओरडली, आणि दार पुन्हा आपटलं.

"आले गं बाई, आले," मावशी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.