जाड्या तारेचे बयाशी हर्ट्झ

राजेहो, आज मंगरूळपीरजवळच्या एका गावात भीमगीतांच्या कार्यक्रमात गिटार वाजवाले गेलो होतो. (तिथली भजी! असो.)

साउंडवाला माह्या वर्गातला जुना दोस्त. जनरेटरची घरघर येऊ नये म्हणून त्यानं शंभर हर्ट्झच्या खालचा आवाज कापला होता. माही जाडी तार डब्यासारखी वाजे.

"भंगार गिटार हाय. ठेव बाजूले, ढोलकीवर भागवू," तो म्हणे.

म्या म्हटलं, "हे तार बयाशी हर्ट्झवर बोलते. तूच तिचा गळा दाबला."

"अबे, दहावीत माह्यासंगंच नापास झाला अन् मले शिकवतो?"

म्या तार छेडून मोबाइलवरचा सूर मोजाचा ट्यूनर दाखवला. ८२, म्हंजे बयाशी! त्यानं बटन फिरवून खालचा आवाज सोडला. तार अशी घुमली का मांडवातल्या बाया वळून पाहाले लागल्या.

"आता गायकाचा आवाजबी तूच लावून दे," तो म्हणे.

छाती फुगली ना भाऊ! शाळेबाहेर शिकलेलं तुमच्या कधी कामी आलं?