आर्वोच्या मित्राची भट्टी

आमच्या गल्लीत घर तापवायची भट्टी जो सगळ्यात शेवटी पेटवतो, त्याला तांब्याची किटली मिळते. किटली गळकी आहे, तिच्यात कॉफी होत नाही. तरी ती ज्याच्या ओसरीवर टांगलेली असते, तो वर्षभर मान वर करून चालतो. मोजणी एक ऑक्टोबरपासून. सौना, म्हणजे परसातली वाफेच्या आंघोळीची खोली, तापवायला मुभा आहे. ती नसती तर आम्ही फिनिश माणसांनी गल्लीच सोडली असती. निकाल मी देतो. तीस वर्षं काउंटीच्या कचेरीत तारखांचे शिक्के मारल्यामुळे हे काम आपसूकच माझ्याकडे आलं.

समोर राहते हेल्वी राउटिओ. वय बहात्तर. चौतीस हिवाळे तिने शाळेची बस चालवली आणि एकदाही मुलांना बर्फात ताटकळत ठेवलं नाही. रोज अर्धा तास आधी जाऊन ती बसभोवती फिरे, टायर ठोके, दिवे बघे. बस सुटली, सवय सुटली नाही. ती आता भट्टीच्या वाट्याला आली आहे. इथे अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरात येतो; त्या सुट्टीला सगळी गल्ली सरोवरावर मासे पकडायला जाते, तेव्हा हेल्वी तळघरात उतरते. नवा फिल्टर घालते, पंख्याची धूळ ओढून घेते, ज्योतीसमोरची बोटभर दांडी घासून लख्ख करते. मग पाच मिनिटं भट्टी पेटवून आवाज ऐकते आणि तिच्या पत्र्यावर पेन्सिलीने तारीख टाकते. आजवर एकवीस तारखा झाल्या आहेत.

तिच्या शेजारचा आर्वो लाम्पिनेन, निवृत्त सुतार. त्याचं मत असं, की बंद यंत्र झिजत नाही, तेव्हा त्याला हात कशाला लावायचा? तीन वर्षं किटली त्याच्याकडेच होती.

"काय गं हेल्वी, झाली का भट्टीची आंघोळ?" तो दर वर्षी मासे घेऊन परतताना विचारायचा.

"झाली. तुझ्या भट्टीची बारशानंतर झालेली नाही. वास येतो इथपर्यंत!"

गेल्या ऑक्टोबरात तिसऱ्या आठवड्यातच बर्फ पडला. बाकी सगळे शरण आले, हे दोघे उरले. शनिवारी सकाळी दोघं माझ्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसले होते. आर्वोने दोन स्वेटर घातले होते, कानटोपी काढली नव्हती, आणि अंगाला सौनाच्या धुराचा वास. चार दिवस तो तिथेच मुक्काम ठोकून होता.

"संध्याकाळी चारला तुझी लेक हायडी येतेय ना? तीन आठवड्यांचं बाळ घेऊन," हेल्वी म्हणाली. "आता तरी पेटवशील!"

आर्वो साखर नसलेली कॉफी ढवळत राहिला. "माझा एक मित्र आहे. त्याची भट्टी जरा त्रास देतेय."

"मित्राला विचार, फिल्टर कधी बदलला होता?"

"मित्र म्हणतो, बदलायचा असतो?"

"मेकॅनिकला बोलवायचं मग."

"तो दोन आठवडे येत नाही म्हणतो. पहिला बर्फ पडला की सगळे त्यालाच फोन करतात."

"बरं. बटण दाबलं की काय होतं? मुळीच पेटत नाही, की पेटून विझते?"

आर्वोने माझ्याकडे पाहिलं. 'पेटते' म्हटलं की किटली गेली. मग त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. त्याने कानटोपी काढून टेबलावर ठेवली.

"पेटते आणि पाच सेकंदांत विझते. गुरुवारी सकाळपासून. घ्या लिहून!"

मी लिहून घेतलं. हेल्वी कप अर्धा टाकून उठली होती.

गल्लीतली घरं खाण कंपनीने एकाच मापाने बांधलेली, भट्ट्याही एकाच मापाच्या. त्यामुळे हेल्वीकडचा जादा फिल्टर चालला. आर्वोच्या तळघरात जुना बाहेर ओढून तिने प्रकाशात धरला.

"आर्वो, हा फिल्टर आहे की मांजर?"

तिने काळी पडलेली दांडी काढली, बारीक घासणीने घासली, परत बसवली. "दांडीला ज्योत दिसली नाही तर ती गॅस बंद करते. शहाणी आहे, मालकासारखी नाही. दाब बटण."

ज्योत उठली. आम्ही तिघंही मोजत होतो. पाच. सहा. दहाला आर्वोने वरचा स्वेटर काढला.

चारला बाळ आलं आणि सहापर्यंत दुपट्यातून पाय बाहेर काढून झोपलं. हेल्वीने घरी जाऊन बटण दाबलं. तिची पहिल्या झटक्यात पेटली. रविवारी किटली तिच्या ओसरीवर गेली.

यंदा कामगार दिनाला आर्वो सरोवरावर गेला नाही. सकाळी आठला तो हेल्वीच्या दारात उभा होता, काखेत नवाकोरा फिल्टर घेऊन.

"मित्राने पाठवलंय," तो म्हणाला.

हेल्वीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि पेन्सिल?"

त्याने कानामागून काढून दाखवली.