पळीभर पाणी आणि अकरा पानं

कल्पना करा, तुम्ही पाटावर बसला आहात. उजव्या तळहाताची वाटी करा, तीत पळीभर पाणी घ्या, चार अक्षता टाका. आता संकल्प म्हणायचा. स्थळ, काळ, तिथी, गोत्र, नाव, आणि शेवटी आपण काय करणार आहोत ते. सगळं म्हणून झालं की पाणी ताम्हनात सोडायचं, तोवर एक थेंब सांडता कामा नये. त्यात तुम्ही काशीत असाल तर हात जास्तच वेळ धरावा लागतो. इथला संकल्प लांबलचक. आनंदवन येतं, महाश्मशान येतं, भागीरथीचा पश्चिम तीर येतो, मग कुठे तुमचं नाव.

रामघाटाच्या गल्लीत राहणाऱ्या दिनानाथ गुरुजींनी हे चाळीस वर्षं केलं. यजमानाला ते दर वेळी बजावत, "सोडलेलं पाणी परत उचलता येत नाही. मनात काही असेल तर आत्ताच सांगा."

मागच्या चैत्रात नागपूरहून आलेल्या एका कुटुंबासमोर ते स्वतः पाणी घेऊन बसले होते. हात थरथरायला लागला. महाश्मशानाशी पोचेपर्यंत तळहात रिकामा. त्यांनी गुपचूप पुन्हा पाणी घेतलं आणि पुढे म्हणत गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्या दिवशी घरी येऊन गुरुजी जेवले नाहीत.

"चहा रोज बशीतच येतोय, कपात कमी," अन्नपूर्णाबाई शेवटी म्हणाल्या. "मी आंधळी नाही हो."

मग गोदौलियाच्या चौकापर्यंत पायी, पुढे ई-रिक्षा, आणि मोठं हॉस्पिटल. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरक पडला. आचमनापुरतं पाणी टिकायचं, संकल्पापुरतं टिकत नव्हतं. पौर्णिमेच्या श्राद्धाला गुरुजींनी ताप आल्याचं सांगून घाटावर दुसऱ्याला पाठवलं. हे असं किती दिवस चालणार?

अशात एका सकाळी हिमानी घरी आली. बँकेतल्या बदलीने काशीला आलेल्या मराठी कुटुंबातली ही मुलगी त्याच हॉस्पिटलात नव्या औषधाच्या अभ्यासाचं काम पाहत होती. तिने संमतीपत्राची अकरा पानं पुढे ठेवली.

"काका, टेन्शन बिलकुल नका घेऊ. तुमच्या रोजच्या गोळ्या चालूच राहणार. त्यावर वर्षभर एक गोळी जास्त. निम्म्या लोकांच्या गोळीत नवं औषध असेल, निम्म्यांच्या गोळीत काहीच नसेल."

"माझी कुठली?"

"ते कंप्यूटर ठरवतो. मला नाही कळत, डॉक्टरांनाही नाही."

"देणाऱ्यालाच माहीत नाही, काय देतोय?"

"तेच तर, काका! माहीत असलं की मन एका बाजूला झुकतं. मग औषधाचा खरा गुण कळत नाही."

मुलगी हुशार होती, डोळ्यांत लबाडी नव्हती. गुरुजींना बोलण्यातला तर्कही पटला. पण त्यांनी पानं वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळींवर बोट थांबलं. पूर्ण नाव. वडिलांचं नाव. राहण्याचं ठिकाण. दिनांक. आपण काय करणार आहोत ते. नाव आधी आलं एवढंच, बाकी संकल्पच! सातव्या पानावर मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई कुणाला, ते होतं. त्याखाली ठळक अक्षरांत, आपण केव्हाही माघार घेऊ शकता.

या ओळीने ते सगळ्यात जास्त घाबरले. पळायची वाट आधीच कोण दाखवून ठेवतं?

"साक्षीदार म्हणून मी सही करते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "जगाला पाणी सोडायला लावलंत. आता स्वतः सोडा."

"अगं, मी सांगायचो ते काय सोडतोय ते ठाऊक असताना!"

"मग असेच बसा ताप आलाय म्हणत."

हिमानीने खाली पाहिलं. अन्नपूर्णाबाईंचा आवाज चिडका होता, पण पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती घट्ट गुंडाळलं होतं.

गुरुजींनी पेन हातात घेतलं. टोक कागदाला टेकण्याआधीच हलायला लागलं, कागदावर टक टक असा बारीक आवाज येऊ लागला. तिघांनाही तो ऐकू येत होता. सही केली आणि रिकामी गोळी वाट्याला आली, तर वर्षभर आशेने गिळायची. भरलेली आली आणि उलटली, तर जे थोडं टिकतंय तेही जायचं. आणि कुठली आली, ते डोळ्यांत डोळे घालून सांगणारं कुणीच नाही. त्यांनी पेन ठेवून दिलं.

"गोळीचं कवच कशाचं असतं, कोण जाणे," ते म्हणाले. "आम्हाला चालत नाही ते."

"काका, ते मी विचारून सांगते ना. शाकाहारी असेल तर?"

"नको. राहू दे."

हिमानीने जास्त आग्रह केला नाही. तिच्या वहीत नकाराच्या कारणाचा एक रकाना होता. तिने लिहिलं, धार्मिक कारण. गुरुजींनी ते उलट्या बाजूने वाचलं आणि खोडायला सांगितलं नाही. भीती वाटते असं सांगण्यापेक्षा ते बरं दिसत होतं.

ती चपला घालून गल्लीत उतरली. अन्नपूर्णाबाई आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच मोठा येत होता. गुरुजींनी तांब्यातून तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि मनात म्हणायला सुरुवात केली. आनंदवनापर्यंत पाणी होतं. पुढे नव्हतं.

ते ओल्या हाताने तसेच दाराशी गेले. हिमानी वळणापर्यंत पोचली होती.

"बेटी," त्यांनी हाक मारली, "नाव घातलं असतं, तर माझ्या वाट्याला कुठली गोळी आली असती?"