पुंजाच्या खांद्यावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

आपल्या मासिकात लोक असले अनुभव लिहून पाठवतात, ते मी वाचत असतो. त्यातले निम्मेअधिक मला थापा वाटतात, हेही सांगून टाकतो. मी पलटणीत राहिलेला माणूस. मेलेली माणसं पुष्कळ पाहिली. त्यातलं एकही उठून आलेलं पाहिलं नाही. मसणवट्याच्या वाटेनं एकटा यायचो, चिंचेखाली खुशाल झोपायचो. कुणी भुताची गोष्ट काढली की मला हसू यायचं. तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

माझं गाव बार्शीटाकळीजवळ. आम्ही कुणबी, घरची काळी जमीन. पुंजा माझ्याच गावचा, माळ्याचा पोरगा. बुटका आणि काटकुळा. लहानपणापासून कावडीनं मळ्यात पाणी वाहून त्याच्या डाव्या खांद्यावर सुपारीएवढा घट्टा पडला होता. नदीवर आंघोळीला गेलो की मी त्यावर टिचकी मारायचो. "मार लेका," तो म्हणायचा, "थो माह्या बिल्ला हाय. तुले कुठी हाय असा?"

सत्तावन्नच्या गदराच्या धामधुमीत एलिचपूरच्या छावणीत भरती चालली होती. आम्ही दोघं घरी भांडून गेलो. कवायतीत मला डावा-उजवा कळायचा नाही. हवालदार ओरडला की मी भलत्याच बाजूला वळायचो आणि सगळी रांग हसायची. मग पुंजानं युक्ती काढली. तो मागं उभा राहून हळूच सांगायचा, "खुरप्याचा हात…" म्हणजे उजवा. "कासऱ्याचा हात…" म्हणजे डावा. तसा मी शिपाई झालो. तापानं पडलो तेव्हा माझा पहाराही त्यानंच दिला, आणि बरा झाल्यावर माझ्या वाटची भाकरी खाऊन टाकली. "हिशेब फिटला बे," म्हणाला.

लढाई विझत आली होती, पण पळालेल्या टोळ्या मेळघाटात शिरल्या होत्या. आमची कंपनी सेमाडोहाकडून उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, घाटाखाली पडली होती. धान्याच्या गाड्या येईनात. खायला नव्हतं. जवळ एक उठून गेलेलं गाव होतं, तिथं काही मिळतं का पाहायला आम्हा दोघांना धाडलं.

गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. पण गावाबाहेरच्या एका वाड्याच्या जोत्याआड मला पेवाचं झाकण दिसलं. पेव म्हणजे जमिनीत ज्वारी साठवायचा खड्डा. तोंड माणूस कसाबसा जाईल एवढं, आत पोट खोलीएवढं. बंद पेवात हवा सडते. ते उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, दिवा सोडून पाहायचा, दिवा विझला तर उतरायचं नाही… वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे बोलायला लागण्याआधी कळतं.

मला कळत होतं. पण दोन दिवसांचा उपाशी होतो. मी दगड सरकवला आणि उडी टाकली.

खाली आंबट, गरम वास. तळाशी थोडी काळी पडलेली ज्वारी. मी ओंजळ भरली आणि माझे गुडघेच गेले. वरून पुंजा ओरडत होता, "तुळश्या! अबे, वर पाह्य! झोपू नको!" मला उत्तर देता येईना. आत हवा सडलेली आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी तो आत उतरला.

त्यानं मला भिंतीशी उभं केलं, थोबाडीत मारली आणि खाली बसला. "माह्या खांद्यावर पाय दे."

"तू हलका हायेस… तू जाय अगुदर, मंग मले ओढ."

"तुयी मान लुळी पडून राहिली बे. दे पाय!"

मी पाय दिले. त्या घट्ट्यावर माझी टाच होती. तो उठला तसा मी वर गेलो. त्यानं माझे दोन्ही घोटे धरले होते. माझे हात काठाला लागले.

"पोचला काय रे?" खालून आवाज आला.

मी छातीपर्यंत बाहेर आलो. हवा लागली, डोळे उघडले आणि गावाच्या पलीकडच्या टोकाला घोडेस्वार दिसले. आमचे नव्हते.

मी पाय ओढून घेतले. ठरलं असं होतं की मी पागोटं सोडून खाली टाकायचं आणि त्याला ओढायचं. मी जमिनीला चिकटून पडलो होतो.

"पोचला काय रे?" आवाज जड झाला होता.

मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. मी झाकणाचा दगड हळूच सरकवून पेवाच्या तोंडावर ठेवला आणि जोत्याआडून ओढ्यात उतरून पळालो.

त्याला लपवण्यासाठी झाकण लावलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. बंद पेव काय करतं ते मी वर लिहिलंच आहे.

स्वारांनी त्याच गावात तळ टाकला. दुसऱ्या दिवशी आमची कंपनी हलली. हवालदारानं सगळ्यांसमोर विचारलं, "पुंजा कुठे आहे?" पेवात आहे म्हटलं असतं तर झाकण कुणी लावलं तेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "पळाला."

एवढा एकच शब्द. त्याचं नाव पळपुट्यांत गेलं, आणि गावच्या पाटलापर्यंत तसं कळवलंही गेलं.

पुढं पलटण सोडली. गावी तोंड दाखवायची इच्छा नव्हती. इतक्यात तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. अमरावतीत दिवसरात्र गाड्या. ज्याला हातपाय आहेत त्याला काम, कोण-कुठला विचारायला कुणाला सवड नव्हती. मला ते फार बरं वाटलं. मी एका व्यापाऱ्याच्या वखारीत खुंदणारा म्हणून लागलो.

हे काम आता कापूस दाबायचे प्रेस आल्यामुळे फारसं दिसत नाही म्हणून सांगतो. जमिनीत खड्डा. त्यावर लाकडी चौकट. चौकटीला मोठा बोरा टांगायचा—गोणपाटाचा, माणसापेक्षा उंच, तोंड जमिनीच्या पातळीला. खुंदणारा आत उतरायचा. वरून दोघं रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, भारे टाकायचे आणि त्यानं नाचल्यासारखं पायांनी दाबत राहायचं. जसजसा बोरा भरेल तसतसा माणूस आपोआप वर यायचा. शेवटी तो बाहेर, आणि बोऱ्याचं तोंड शिवायचं. कित्येक बोरे मी असे खुंदले. त्या कामात मला कधी काही वाटलं नाही.

त्या दिवशी भरदुपार होती. उन्हाळा. वखारीत दहा-बारा माणसं, बाहेर गाड्यांचा गलका. नवा कोरा बोरा टांगला होता. मी उतरलो. वर देवमन नावाचा गडी रुई टाकायला होता; त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"नाच बे, नाच! तमाशातल्या बाईले लाजव!"

"तू टाक आधी. कापूस का तुये सासरे आणून देतात?"

त्यानं दोन भारे टाकले असतील. मी पाय दाबला. आणि नाकात तो वास आला. आंबट, गरम. कुजलेल्या ज्वारीचा.

पायाखाली रुई दबली नाही. कडक काहीतरी होतं. एका पायाखाली एक, दुसऱ्याखाली एक. मी टाच हलवली… डाव्या बाजूला सुपारीएवढा घट्टा लागला.

माझे घोटे कुणीतरी धरले. जोरानं नाही, पडू नये म्हणून धरतात तसे. आणि मी वर जाऊ लागलो.

वर देवमन हसत होता, मग हसायचा थांबला. "अबे… अबे, मी तं दोन भाऱ्यांवर कापूस टाकलाच नाई! तू वर कावून येऊन राहिला?"

कमरेपर्यंत मी बोऱ्याबाहेर आलो होतो. वखारीतली सगळी माणसं बघत होती. मला त्यांची तोंडं दिसत होती आणि खालून, अगदी जवळून, ऐकू आलं—

"पोचला काय रे?"

मी चौकटीवर झेप घेतली आणि जमिनीवर आडवा पडलो. मुकादम शिव्या देत आला. त्यालाही वास आला होता. त्या दिवसांत वजन वाढवायला लोक कापसात काय वाट्टेल ते भरायचे, त्याला वाटलं तसलंच काही. "कापसात ज्वारी कोणं भरली बे?" म्हणत त्यानं बोरा उसवला.

आत दोन भारे रुई, ढोपरापर्यंतही नाही. तळाशी चिमूटभर काळी ज्वारी. बस. दुसरं काही नाही.

मुकादम माझ्याकडे बघत राहिला. "तू मंग कायवर उभा होता?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

बोरा पुन्हा शिवून देवमनला त्यातच उतरवलं. त्याला काही झालं नाही. पण संध्याकाळी माझ्या शेजारी बसून जेवायला कुणी तयार होईना.

मी अमरावती सोडली आणि अकोल्यास गेलो. तिथंही कापूसच, पण मी बोऱ्यात उतरणार नाही म्हणून सांगितलं, गाड्यांवर राखणीला राहिलो. काही दिवस बरे गेले.

एकदा मोर्णा नदीकाठच्या बाजारातून चाललो होतो. टोपल्यांच्या ओळीतून हाक आली, "तुळशीराम व्हय ना तू?"

पुंजाची माय. वांगी घेऊन बसली होती. शेजारी तिची पोरगी, पुंजाची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरलेलं मी गावी असतानाच ऐकलं होतं. पण तिच्या गळ्यात काही नव्हतं.

"मावशी, तुमी इथं?"

"मंग कुठी ऱ्हाऊ बाप्पा? गावात पाण्याले गेलं का बाया म्हनत, पळपुट्याची माय आली. हिची सोयरीक मोडली. मळा इकला." ती रडत नव्हती. वांग्यांवर पाणी शिंपडत बोलत होती. "तू जोडीदार होता त्याचा. मले खरं सांग. थो पळाला कावून? घाबरट तं नव्हता माह्या पुंजा."

सांगायला हवं होतं तेव्हाच. बोऱ्यातलं ते सगळं होऊनसुद्धा, तिच्या पोरीचा तो मोकळा गळा समोर दिसत असूनसुद्धा, मी म्हणालो,

"काय माहीत मावशी. मी झोपेत होतो. पळाला."

आणि भर बाजारात, डोक्यावर ऊन असताना, माझे घोटे धरले गेले.

मी हललो नाही. हलताच येईना. तिच्या टोपलीतली वांगी मला थोडी लहान दिसू लागली. तिचं तोंड खाली गेल्यासारखं वाटलं. ती माझ्याकडे मान वर करून बघत होती; मग तिची नजर हळूहळू उतरली, माझ्या पायांवर. ती बसल्या जागेवरून पुढं सरकली. तिनं हात लांब केला आणि माझ्या चपलांखाली नेला. तिथं तो हात कशावर तरी थांबला. बराच वेळ तसाच राहिला. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी तिची बोटं हलत होती.

पोरगी म्हणाली, "माय, काय करून राहिली तू?"

माय मला म्हणाली, अगदी हळू,

"उतर रे बाप्पा आता. त्याले भार होऊन राहिला."

मी कसा पळालो ते आठवत नाही. पायांना जमीन केव्हा लागली तेही नाही. तीच एक भीती माझ्या अंगात आजही आहे. बोऱ्यापाशी मी घाबरलो होतो त्यापेक्षा तिच्या त्या शांत आवाजाला जास्त घाबरलो.

त्यानंतर तसं पुन्हा घडलं नाही. मीही घडू दिलं नाही. शिडीवर चढत नाही, माडीवर जात नाही. घर बांधलं ते बसकं. बायको विचारते, मी काही सांगत नाही. एका डॉक्टरला दुसऱ्याची गोष्ट म्हणून सांगितली तर तो म्हणाला, कापसाची धूळ छातीत गेली की भास होतात. असेल. पण वखारीतली माणसं कुठल्या धुळीनं बघत होती? आणि त्या माउलीच्या हाताला काय लागलं? तिनं खरंच काही ओळखलं, की उन्हानं तिलाही भोवळ आली होती? मला माहीत नाही. तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

ती अजून आहे. अकोल्याहून येणारे गाडीवान सांगतात, डोळे गेले, तरी पोरीबरोबर बाजारात येऊन बसते. हे मासिक तिच्यापर्यंत जाणार नाही, गेलं तरी तिला वाचता येत नाही. म्हणूनच कदाचित मला लिहिता आलं.

पुंजा पळाला नव्हता. तो त्या पेवात आहे, आणि ती जागा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्याच्या मायला तिथं न्यायचं, त्याची हाडं वर काढून तिच्या पदरात द्यायची, आणि झाकण कुणी लावलं ते तिच्या तोंडावर सांगायचं, एवढं माझ्याकडे देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.