कुंकू धरणारा कागद

कारभारीण गेली त्याला वर्ष होत आलं. पोरगा म्हणाला, वर्षश्राद्धाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिच्या फोटोचं कार्ड देऊ. पंज्याएवढं, वर फोटो, खाली नाव. हल्ली सगळेच देतात. पोरगा लोणी देवकरला कंपनीत, त्याला सुट्टी नाही. फोटो त्यानं माझ्या मोबाईलवर टाकला आणि म्हणाला, "आबा, भारीतलं काढा." भारीतलं म्हणजे कसलं, ते त्यालाही सांगता येईना.

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. उसाचं बेणं कसं आहे ते कांडी हातात घेऊन सांगेन. कागद मात्र मला एकच ठाऊक, पांढरा. इंदापुरात विचारलं तर दुकानदार म्हणाला, आमच्याकडं नुसत्या पत्रिका होतात, फोटोच्या कार्डाला बारामती गाठा. निरवांगीहून एसटी धरली आणि गेलो.

बारामतीच्या दुकानात काचेचं दार, आत गार हवा. चष्मेवाल्या मालकानं माझ्यापुढं कागदाचे तुकडे मांडले.

"हा ग्लॉसी, हा मॅट, हा खरबरीत. जीएसएम किती घेऊ?"

"ते काय असतं?"

"कागदाचं वजन, आबा. जेवढं जास्त तेवढं कार्ड जाड आणि कडक."

"कुणाला फेकून मारायचं न्हाय मला."

तो हसला आणि पुढं बोलत राहिला. ऑफसेटला प्लेट बनवावी लागते, ढिगानं छापायचं असेल तरच परवडतं. थोडी कार्डं असतील तर डिजिटल. वरनं लॅमिनेशन, म्हणजे पातळ प्लास्टिक. मी मान हलवत होतो, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. शेवटी म्हणालो, "तुला बरं वाटंल ते दे." त्यानं ग्लॉसी कागदावर, लॅमिनेशन करून एक नमुना दिला. घरच्यांना दाखवून या म्हणाला.

येताना कळंबला उतरलो. तिथं तिची धाकटी बहीण असते, माझी मेहुणी. तिनं कार्ड हातात घेतलं आणि थेट देव्हाऱ्याकडं गेली. पाण्यात बोट बुडवलं, करंड्यातलं कुंकू घेतलं आणि फोटोच्या कपाळाला लावलं. कुंकू बसलंच नाही. थेंब झाला आणि नाकावरनं खाली आला.

"दाजी, ह्ये कसलं कार्ड?"

"प्लास्टिक हाय त्याला. भिजत न्हाय."

"मग रेनकोटच शिवायचा व्हता की." तिनं पदरानं फोटो पुसला. "भरल्या कपाळानं गेली ती. येणारी प्रत्येक बाई कुंकू लावणार. त्ये असं तोंडावरनं वघळणार व्हय?"

भरल्या कपाळानं गेली, असं सगळे मला सांगतात. माझ्या आधी गेली म्हणून भाग्याची. मला त्यातलं भाग्य अजून दिसलेलं नाही. पण बायका कुंकू लावणार हे खरं होतं. मी तिच्याकडनं कुंकवाची पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत बारामतीला गेलो.

"कुंकू धरंल असा कागद दे."

मालक बघतच राहिला. "असं आजवर कुणी मागितलं नाही." मग त्यानं बिनलॅमिनेशनचा जाड, खरबरीत कागद काढला. "ह्यावर धरेल. पण आबा, रंग ह्यात मुरतो. चेहरा मंद येणार. मग मला बोल लावू नका."

त्यानं एक नमुना छापून आधीच्या कार्डाशेजारी ठेवला. चकचकीत कार्डावर ती लख्ख होती, हनुवटीवरचं गोंदणसुद्धा दिसत होतं. खरबरीत कार्डावर, चुलीच्या धुरातनं बघावं तशी.

"दोन्ही एका कागदावर न्हाय का व्हत?"

"नाही होत."

पोराला फोन केला. यंत्राच्या आवाजात तो ओरडून म्हणाला, तुमीच ठरवा. मी स्टुलावर बसून राहिलो. चेहरा घ्यावा तर कुंकू जातंय, कुंकू घ्यावं तर चेहरा. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"लावून तर बघा," मालक म्हणाला.

पुडी सोडली आणि बोट तिथंच थांबलं. तिला मी कुंकू लावलं ते लग्नात, भटजी म्हणाला म्हणून. पुढं सगळा जन्म तिचं तीच लावायची, आरशात न बघता, अगदी मधोमध. शेवटच्या दिवशी बायकांनी लावलं, मी बाहेर होतो.

मालकाच्या बाटलीतल्या पाण्यात बोट ओलं केलं. चकचकीत कार्डावरनं कुंकू घसरलं. खरबरीत कार्डावर बसलं, जरा डावीकडं. बाकी चेहरा मंदच होता. पण मी कपाळाकडंच बघत राहिलो.

"ह्याच्यावरच काढ."

"हे खराब झालेलं टाकून देऊ?"

"आण हिकडं."

बरोबर केलं का चूक, ते एसटीत बसल्यावरही कळेना. कळंबला उतरून मेहुणीला कार्ड दाखवलं. तिनं कुंकवावरनं अंगठा फिरवला. वाळलं होतं, सुटलं नाही.

"वाकडं कुणी लावलंय?"

"मी."

तिनं कार्ड देव्हाऱ्यात उभं केलं आणि चहा ठेवायला आत गेली.